न वाळणारा दिवस

भाऊजी त्यांना वहिनी म्हणायचे, म्हणून सगळी गल्लीच वहिनी म्हणायची. शेजारचा बर्फवाला म्हणायचा, समोरचा वाणी म्हणायचा. मोठ्या हॉटेलचा मॅनेजर वयाने वहिनींपेक्षा मोठा होता, टकलाने तर फारच मोठा, पण तोही रोज सकाळी फोनवर "वहिनी, चादरी!" एवढ्या दोन शब्दांत नमस्कार, चौकशी आणि तगादा उरकून घ्यायचा.

वहिनींची लाँड्री होती. पुढे काउंटर, मागे इस्त्रीची खोली, तिच्यामागे पत्र्याखाली धुण्याची यंत्रं आणि खळबळायचा सिमेंटचा हौद, वर गच्चीवर दोऱ्या. माणसं मोजकीच. धुण्याला एक बाई होती. गल्लीतली प्रत्येक खबर घरमालकाच्या आधी तिच्याकडे यायची, म्हणून तिला सगळे बातमीबाई म्हणत. आणि इस्त्रीच्या टेबलाशी भाऊजी.

भाऊजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. वहिनींचे यजमान अचानक गेले तेव्हा मुलगी जेमतेम शाळेत जाऊ लागली होती आणि लाँड्री बंद करावी असं सगळ्या शहाण्या नातेवाइकांचं एकमत झालं होतं. शहाण्या माणसांचं एकमत फुकटात होतं, म्हणून ते लगेच होतं. भाऊजी त्या चर्चेत काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आपली शिवणकामाची चांगली चाललेली नोकरी सोडून ते आले, भावाच्या टेबलाशी उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, इस्त्री गरम व्हायला किती वेळ लागतो हो?" तेव्हापासून ते तिथेच उभे होते. लग्न केलं नाही. "दोन माणसांच्या घड्या नाही जमणार मला," असं विचारणाऱ्याला सांगायचे. घडी मात्र अशी घालत की चादरीची चारही टोकं एकमेकांशी जन्माची ओळख असल्यासारखी बसत.

वहिनींनी त्यांचे आभार कधी मानले नव्हते. वहिनींना हिशेब चोख जमायचा, भांडण उत्तम जमायचं, पण आभार मानणं म्हटलं की जीभ जड व्हायची. शिवाय घरच्या माणसाचे कसले आभार, असं म्हणायची सोय होतीच.

त्या उन्हाळ्यात वहिनींनी कूलर घेतला. कपाटाएवढा, तिन्ही बाजूंना गवताच्या जाळ्या, आत पंप, समोर असा पंखा की काउंटरवरच्या पावत्या उडून गल्लीत जायच्या. येणाऱ्या गिऱ्हाइकाला वहिनी आधी कूलर दाखवत, मग कपडे घेत. सख्ख्या जावयाचं त्यांनी कधी एवढं कौतुक केलं नव्हतं.

जावयाचं प्रकरण वेगळं होतं. लेकीने स्वतः पसंत केलेला मुलगा, गावाबाहेरच्या वेधशाळेत नोकरीला. पहिल्यांदा घरी आला तेव्हा वहिनींनी विचारलं होतं, "काम काय करता?"

"तापमान बघतो. वारा, ढग, हवेतला ओलावा. नोंदी करतो."

"पारा वाचता म्हणा की."

"हो, तेही."

"आणि वाचून झाला की?"

"तीन तासांनी पुन्हा वाचतो."

हा संवाद वहिनींनी चेहऱ्यावरची रेघ न हलवता गल्लीत सगळ्यांना ऐकवला होता. जावई शांत माणूस. त्याने तो एकदा स्वतःच्या कानांनी ऐकला आणि फक्त एवढंच म्हणाला, "आई, तुम्ही तो थोडा वाढवून सांगता." खरं तर वहिनींनी एक शब्दही वाढवला नव्हता, आणि तीच गंमत होती.

तर त्या वर्षी ऊन असं पडलं की पत्र्याला हात लावायची सोय नव्हती. पण ऊन होतं कोरडं. गच्चीवर टॉवेलला चिमटा लावून होईतो तो वाळलेला असायचा. कूलर तर असा चालायचा की इस्त्रीच्या खोलीत भाऊजी मधूनच गळ्याभोवती रुमाल गुंडाळून खोकून दाखवायचे. "वहिनी, थंडी वाजते. रजई काढू का?" वहिनी खूश व्हायच्या.

मग एका सकाळी वारा फिरला आणि लगेच पडलाही. आकाश पातळ खळीसारखं पांढुरकं झालं. रेडिओने सांगितलं, तापमान चार अंशांनी उतरलं. गल्लीत सगळ्यांनी हुश्श केलं. बर्फवाल्याचं तोंड तेवढं पडलं.

"सुटलो बाई!" बातमीबाई म्हणाली. "पण मेलं चिकट चिकट होतंय."

"चार अंश कमी झालंय, आणखी काय हवं तुला?" वहिनी म्हणाल्या. हॉटेलात कसलीशी मोठी परिषद होती, पाहुणे संध्याकाळी उतरणार होते आणि चादरींचे गठ्ठे छताला टेकायचे बाकी होते. मॅनेजरचे "वहिनी, चादरी!" सकाळपासून तीनदा येऊन गेले होते. वहिनींनी कूलर काठोकाठ भरला, पंप चालू केला, आणि इस्त्रीच्या खोलीचं दार लावून घेतलं. खिडक्याही लावल्या. "एवढी गार हवा करायची आणि गल्लीला वाटत बसायची?" हे त्यांचं म्हणणं. आत ओलसर चादरींचे ढीग, वाफेची इस्त्री फुसफुसतेय, कूलर पाणी फेकतोय आणि मध्ये भाऊजी. वहिनी स्वतः काउंटरवर, जिथे निदान गल्लीतली हवा होती.

दुपारी बातमीबाई गच्चीवरून उतरली ती हातात टॉवेल घेऊनच. "वहिनी, हे बघा. सकाळी घातलेत, अजून पिळून काढल्यासारखे. आज काही वाळत नाही. न वाळणारा दिवस आहे हा."

"तू गप्पा मारत बसलीस तर टॉवेल काय ऐकत बसणार? जा, पंख्याखाली टाक."

तेवढ्यात फोन वाजला. जावई.

"आई, भाऊकाका इस्त्रीवर आहेत का?"

"मग काय वेधशाळेत पाठवू? बोला, काय म्हणतो पारा?"

"आज त्यांना टेबलाशी उभं करू नका. आजचा दिवस कालपेक्षा वाईट आहे."

वहिनींनी फोन कानापासून लांब धरून बातमीबाईकडे बघितलं, डोळे मिचकावले आणि पुन्हा कानाला लावला. "जावईबापू, काल चार अंश जास्त होतं."

"हो, पण ते कोरडं होतं. लांब समुद्रावर हवेचा दाब कमी झालाय, त्यामुळे दमट हवा इकडे ओढली गेलीय आणि वर ढगांचं झाकण बसलंय. वारा नाही. आमच्याकडे दोन तापमापी असतात, आई. एकाच्या टोकाला ओलं कापड बांधलेलं असतं. हवा कोरडी असली की कापडातलं पाणी उडतं, जाताना उष्णता घेऊन जातं, आणि तो पारा खाली राहतो. आज तो खाली उतरतच नाहीये. म्हणजे कापड वाळत नाहीये."

"आमचे टॉवेलही वाळत नाहीत. त्यासाठी पगार कुणी देत नाही आम्हाला."

"तेच सांगतोय!" जावयाचा आवाज पहिल्यांदाच जरा चढला. "टॉवेल वाळत नाही ना? मग माणूस तरी कसा वाळेल? घाम आला तरी तो उडणार नाही, आणि उडला नाही तर अंग गार होत नाही. आतल्या आत तापत राहतं. कूलरचा पंप बंद करा. दार-खिडक्या उघडा, नुसता पंखा राहू द्या."

"पंप बंद करून कूलर चालवायचा? मग घेतला कशाला तो?" वहिनींना आता मजा वाटेना. गठ्ठे डोळ्यांसमोर होते. "आणि भाऊजींचं म्हणाल, तर त्यांना वाळवायची गरज नाही. आधीच खारकेसारखे वाळलेत. ठेवते, गिऱ्हाईक आलंय."

गिऱ्हाईक आलं नव्हतं.

थोड्या वेळाने त्या गठ्ठे बघायला आत गेल्या. दार उघडताच ओल्या कांबळ्यात तोंड खुपसल्यासारखी हवा अंगावर आली. भाऊजी टेबलाशी उभे होते आणि उशीच्या अभ्र्यावरून इस्त्री फिरवत होते. शेजारी झालेल्या चादरी होत्या. वहिनींची नजर सवयीने आधी मालावर गेली. वरची चादर तिरकी घडी घातलेली. तिच्याखालची त्याहून तिरकी.

"भाऊजी, हे काय हो? हॉटेलात पाठवायच्यात, रद्दीवाल्याकडे नाही."

भाऊजींनी मान वर केली नाही. "काय कटकट लावलीय," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत भाऊजी असं बोलले नव्हते. वहिनींना रागच आला. तोंडात उत्तर तयार झालं, आणि तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की अभ्रा केव्हाच कडक झालाय, कडेने पिवळा पडू लागलाय, आणि भाऊजी त्याच्यावरूनच इस्त्री नेत होते, आणत होते, पुन्हा नेत होते.

"भाऊजी?"

"वहिनी," ते म्हणाले, जरा जड जिभेने, अगदी साधेपणाने, "दादा जेवला का?"

दादा, म्हणजे वहिनींचे यजमान.

वहिनींचा हात आपोआप पुढे झाला, आधी इस्त्रीचा खटका बंद केला, मग भाऊजींच्या कपाळाला लागला. कपाळ तव्यासारखं तापलेलं. आणि त्यांना मघाशी थट्टेवारी नेलेलं जावयाचं बोलणं आठवलं. माणूस तरी कसा वाळेल.

"अगं ए!" त्या बातमीबाईला ओरडल्या. "दारं उघड! सगळी! तो कूलरचा पंप बंद कर आणि गाडी बोलाव दवाखान्याची!" एका हाताने त्यांनी भाऊजींना धरलं आणि दुसऱ्याने जावयाला फोन लावला. तो पहिल्याच घंटीला उचलला गेला. जणू माणूस फोनवर हात ठेवूनच बसला होता.

"जावईबापू, भाऊजी भलतंच बोलतायत. अंग चुलीसारखं झालंय. काय करू? कूलरसमोर बसवू? ओलं फडकं?"

"फडकं आज वाळणार नाही, आई, नुसत्या वाऱ्याने पुरेसा उपयोग व्हायचा नाही. सरळ पाण्यात घाला. हौद आहे ना?"

"हौदात चादरी आहेत."

एवढं बोलून त्या थांबल्या. फोनमधून जावई काहीच बोलला नाही. त्याचं हे न बोलणं वहिनी पुढे कित्येक दिवस विसरल्या नाहीत.

आरडाओरडा ऐकून धावत आलेल्या बर्फवाल्याने आणि बातमीबाईने भाऊजींना दोन्ही बाजूंनी उचललं, तोवर वहिनींनी हौदातल्या चादरी बाहेर फेकायला सुरुवात केली होती. हॉटेलच्या चादरी, पांढऱ्याशुभ्र, नीळ घातलेल्या, सिमेंटच्या फरशीवर, चिखलाच्या पावलांत, एकीवर एक. बातमीबाई बघतच राहिली.

"बघतेस काय! पाय धर त्यांचे!"

भाऊजी गळ्यापर्यंत हौदात बसले. वहिनींनी बाहेरून त्यांचं डोकं आपल्या दंडावर धरलं. फोन पत्र्याच्या खांबाला टेकवून ठेवला होता आणि त्यातून जावयाचा आवाज येत होता. "डोकं वर राहू द्या. तोंडात पाणी घालू नका, शुद्ध धड नाही तर ठसका लागेल. पाणी हलवत राहा. बर्फ आहे?"

"मी आहे ना!" बर्फवाला ओरडला आणि पळत गेला. पोतंभर चुरा आणून त्याने हौदात ओतला, परत गेला, परत आणला. सकाळी पाऱ्याबरोबर पडलेलं त्याचं तोंड आता भीतीने पांढरं झालं होतं. बातमीबाई पाणी ढवळत होती आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प होती.

भाऊजी आधी हसले. मग त्यांनी बर्फाशी भांडण काढलं. मग थरथरायला लागले. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले, आजूबाजूला बघितलं, फरशीवरच्या चादरींचा चिखल बघितला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "वहिनी, कुणी केलं हो हे? हॉटेलवाला जीव घेईल."

वहिनींना रडू फुटलं. "घेऊ दे," त्या म्हणाल्या. "तुमचा नाही मिळायचा त्याला."

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी भाऊजींचे हात बघितले आणि त्या एकदम गंभीर झाल्या. "नखं निळी, तळवे निळे. श्वासाला त्रास होता का?"

"नाही हो," बातमीबाईचा आवाज परत आला होता. "ती नीळ आहे. हौदातली."

"हौदातली?"

आता बोलणी बसणार या तयारीने वहिनी पुढे झाल्या. "मी घातलं त्यांना हौदात. बर्फ टाकून."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मान हलवली. "छान केलंत. इथे आणेपर्यंत वाट बघितली असती तर मेंदूवर परिणाम झाला असता, कदाचित मूत्रपिंडांवरही. अजून दोन-चार दिवस लक्ष ठेवू. पण ते निभावतील." मग जाता जाता, "निळीसकट."

संध्याकाळी जावई वेधशाळेतून थेट दवाखान्यात आला. लेक आत भाऊजींजवळ बसली होती, सासू-जावई बाहेर बाकावर. वहिनींनी बराच वेळ तयारी केली.

"जेवलात का?" त्या म्हणाल्या.

"हो."

"काय?"

"डबा. तिथेच."

वहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "दुपारी मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. दुसरा असता तर म्हणाला असता, मरा. परत फोन उचलला नसता."

"पारा वर होता, आई. त्यात माझं काय?"

"अहो, जरा फुशारकी मारा की! म्हणजे मला आभार मानायला सोपं जाईल."

जावई हसला. त्याचं हसणं वहिनींनी त्याआधी नीट बघितलंच नव्हतं, दात बरे होते मुलाचे. तो म्हणाला, "खरं सांगू? मी रोज हे सांगतो. वारा फिरणार, वीज पडणार, धुकं येणार. बहुतेक लोक ऐकतात आणि विसरतात, आणि त्यांना काही होत नाही, म्हणून त्यांना वाटतं मी उगाच सांगितलं. तुम्ही निदान भांडलात. भांडलेलं लक्षात राहतं."

"राहिलं ना," वहिनी म्हणाल्या. "भाऊजींचा चेहरा बघितला आणि तुमचं ते टॉवेलचं बोलणं कानात वाजलं. मी तर जन्मभर वाळत घालतेय हो. मला कळायला नको होतं?"

"तुम्हालाच कळलं. म्हणून वेळेत कळलं."

वहिनींनी त्याचा हात हातात घेतला, दोनदा थोपटला, आणि एखादी महागाची वस्तू परत जागेवर ठेवावी तसा त्याच्याच मांडीवर ठेवून दिला. एकदा जीभ सैल झाली म्हटल्यावर मग त्यांनी त्याच झपाट्यात बाकीचंही उरकायला घेतलं. बर्फवाला खाली जिन्याशी बसला होता, त्याला म्हणाल्या, "बर्फ चांगला होता हो तुझा." त्याने मान खाली घातली, कारण त्याला पुरतं कळलं होतं. बातमीबाईला म्हणाल्या, "उद्या गल्लीत काय सांगायचं ते सांग. वाढवून सांग." मॅनेजरचा फोन आला तेव्हा तर त्यांनी त्याला बोलूच दिलं नाही. "चादरी फरशीवर आहेत. ऊन उतरेपर्यंत माझी लाँड्री सकाळीच चालेल, दुपारी बंद. चालत असेल तर चालवा." खबर बातमीबाईकडून हॉटेलातही पोचली होती. मग मॅनेजर म्हणाला, "वहिनी, भाऊजी कसे आहेत?" आणि वहिनींनी त्याचेही आभार मानले, इतके की तो घाबरला.

राहिले भाऊजी.

सकाळी वहिनी पेज घेऊन गेल्या तेव्हा खिडकीबाहेर आभाळ अजून तसंच पांढरं होतं, पण वाऱ्याची एक झुळूक पडद्यात शिरत होती. भाऊजी उशीला टेकून बसले होते आणि दवाखान्याच्या चादरीची कड बोटांनी दुमडून तिची इस्त्री तपासत होते.

"छे," ते म्हणाले. "ओली असताना घडी घातलीय."

"राहू द्या ती." वहिनी स्टुलावर बसल्या. डबा उघडला नाही. "भाऊजी, मला बोलायचंय."

"हॉटेलचं काम गेलं?"

"नाही गेलं. दुसरं बोलायचंय. तुम्ही ती शिवणकामाची नोकरी सोडलीत, तेव्हा तुम्हाला तिथे मुख्य करणार होते. मला माहीत होतं. यांच्या दिवसपाण्यातच कुणीतरी सांगितलं होतं. मी काही बोलले नाही, कारण बोलले असते आणि तुम्ही परत गेला असतात तर माझं काय झालं असतं?"

भाऊजी खिडकीकडे बघायला लागले.

"मुलीच्या शाळेत बाप म्हणून सही तुम्ही केलीत. तिला ताप आला की रात्रभर तुम्ही बसायचात आणि सकाळी टेबलाशीही तुम्हीच. तिने हा मुलगा पसंत केला तेव्हा मी दोन महिने बोलत नव्हते, तुम्ही मात्र त्याला घरी घेऊन आलात. तुम्ही आणला नसतात तर काल फोन कुणाला लावला असता मी? आणि काल... काल मी त्या खोलीचं दार लावलं, हवा बाहेर जाते म्हणून. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की वहिनी, गुदमरतंय."

"तुम्ही कूलर हौसेने घेतला होतात," भाऊजी भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाले.

"हेच! हेच म्हणतेय मी!" वहिनींचा आवाज पलीकडच्या खाटेपर्यंत गेला, तिथल्या आजोबांनी कूस बदलली. त्यांनी तो खाली आणला, पण थांबल्या नाहीत. लाँड्रीतला एकेक उन्हाळा, एकेक आजारपण, भाऊजींनी कधी न मागितलेली एकेक सुटी, सगळं त्या बोलत गेल्या. भाऊजींनी आधी डोळे मिटून झोपेचं सोंग केलं. मग पांघरूण नाकापर्यंत घेतलं. शेवटी त्यातूनच म्हणाले, "वहिनी, पुरे आता. माणूस गेल्यावर बोलतात असं सगळं."

"म्हणूनच आत्ता बोलतेय," वहिनी म्हणाल्या, आणि स्टूल खाटेच्या आणखी जवळ ओढलं. "अजून निम्मंही झालेलं नाही. पांघरूण काढा तोंडावरचं, ऐकू येत नसेल."